गॅस्केट दर तुलना, जुनी, २

उद्या दहाला लॅपटॉप परत द्यायचा आहे.
चार्जर, माउस, काळी बॅग,
बॅगेच्या चेनला मी बांधलेला लाल दोरा
सोडवून.

मकरपुऱ्याच्या या व्हॉल्व्ह कंपनीत सहा वर्षं.
पहिल्या दिवशी अठरा पानांवर सही केली होती,
न वाचता, जशी सगळेच करतात.
आज संध्याकाळी वाचली.
सात पूर्णांक तीन : किरकोळ खाजगी वापर,
व्यवस्थापनाच्या मर्जीने.

किरकोळ.
बाबा, तुम्ही किरकोळ होतात की नाही
हे कुठल्या पानावर बघू?

पेन ड्राइव्ह लावला. लॅपटॉप त्याला ओळख देत नाही.
स्वतःलाच मेल केली, ती वाटेत अडली,
वर लाल पट्टी : ही घटना नोंदवली गेली आहे.
मोबाइलने पडद्याचा फोटो काढला
तर अक्षरांवर नागमोडी पट्टे,
विश्वामित्रीच्या पाण्याखालून वाचल्यासारखी.

फाइलचं नाव : गॅस्केट दर तुलना, जुनी, २.
जुनी म्हटलं की कुणी उघडत नाही.
पहिल्या शीटवर खरोखरच गॅस्केट आहेत,
रबर, ग्रॅफाइट, जीएसटीसकट.
दुसऱ्या शीटवर, चाळिसाव्या ओळीपासून खाली,
बाबा.

सयाजी हॉस्पिटल, तिसरा मजला, खाटेशेजारी स्टूल.
मी मांडीवर कोटेशनं करत बसायची
आणि मध्येच ते म्हणायचे, वैजू, लिही.
एका चौकटीत एक वाक्य.
एकतीस वर्षं वीज मंडळाचे मीटर वाचले त्यांनी,
बाबाजीपुरा, रावपुरा, दांडिया बाजार,
आणि आता सगळी घरं एकदम आठवत होती.

काळोख्यांचा मीटर जिन्याखाली, बॅटरी लागते.
त्रेपन्न नंबरात कुत्रा, नाव ब्रिगेडियर, भित्रा.
पारेखांकडे ताक, न मागता.
तारामतीबाई, शिलाई मशीन, दोन पोरं.
मीटर सात महिने बंद. मी कळवलं नाही.
अंदाजे आकडा टाकत गेलो. कमीच टाकला.
हे कुणाला सांगू नको.

नाही सांगत, म्हटलं मी,
आणि सवयीने सेव्ह केलं.
दर वीस मिनिटांनी या यंत्रातलं सगळं
हैदराबादच्या सर्व्हरवर जातं, हे मला माहीत होतं.
तेव्हा आठवलं नाही.

ओजसची गणिताची वही घेतली, चौकटींची.
दोनशे बारा चौकटी.
उतरवायला लागले.
कुकरची शिट्टी झाली, लिहीत राहिले.
घाईत मी 'मीटर' जिथे 'मिटर' टाइप केलं होतं
तिथे वहीतही मिटर.
एकशे अठ्ठ्याऐंशीव्या चौकटीत नुसता 'आ' आहे.
नर्स आली असेल, किंवा डोळा लागला असेल त्यांचा,
किंवा माझाच कॉल आला असेल, भरूचच्या पार्टीचा.
आ. तोही उतरवला.
साडेतीनला मनगट बोलायला लागलं.
मग फाइल पुसली. मग कचऱ्याच्या डब्यातूनही पुसली.
हैदराबादचं काय करायचं ते मला कळत नाही.

सकाळी आयटीतला पार्थिव सोलंकी.
केसांना तेल, गळ्यात तीन किल्ल्या.
वैजयंतीबेन, अंदर पर्सनल कंई छे?
ना, म्हटलं.
त्याने झाकण उघडूनसुद्धा पाहिलं नाही.
लॅपटॉप पालथा केला,
नंबरची चिकटपट्टी पुसट झालेली,
मोबाइलचा उजेड पाडला तिच्यावर,
वाकला, एक डोळा बारीक केला
आणि एकेक आकडा मोठ्याने म्हणत
रजिस्टरमध्ये लिहायला लागला.

शेवटून दुसऱ्या जागी तीन होता.
त्याने आठ लिहिला.

मी सही केली.