निवळी

ओआहाकाच्या डोंगरात पहाटे चार वाजता
तोमासा मक्याच्या हंड्यात हात घालते,
एका दाण्याची साल अंगठ्याने सरकवून बघते.
सुटली, तर पीठ एकजीव होणार.
नाही सुटली, तर दिवसभर तव्यावर तोर्तिया फाटणार
आणि गिऱ्हाईक काही न बोलता खाणार,
ते जास्त लागतं.

रात्री मका शिजताना तिने चुना घातला होता.
किती, असं विचारलं तर म्हणते,
जीभ नको म्हणेल तितका.
चुन्यात पांढरा मका पिवळा पडतो,
साल दाण्याशी धरलेला हट्ट सोडते,
आणि सालीबरोबर आणखी काहीतरी सुटतं,
एक जीवनसत्त्व, एरवी दाण्यात असून नसल्यासारखं,
घरात धान्य आणि किल्ली शेजाऱ्याकडे.

समुद्रापलीकडच्यांनी मका नेला, चुना नेला नाही.
पोटभर जेवून त्यांची कातडी सोलवटली,
डोकी फिरली,
पिढ्या गेल्या, कुणाला कळेना.

तोमासाला यातलं काही ठाऊक नाही.
तिला ठाऊक आहे : चुन्याने बोटं चरचरली की लिंबू चोळायचं,
आणि पिशवी उघडी राहिली की चुना मरतो.
"मरतो म्हणजे?" ओब्दुलियाने एकदा विचारलं होतं.
"मरतो म्हणजे दगड होतो. मका मग त्याला जुमानत नाही."

आज शाळेत विल्फ्रिदो मास्तरांनी पेल्यात निवळी आणली,
नितळ, पाण्यासारखी.
ओब्दुलियाच्या हातात नळी दिली. फुंक.
ती फुंकत गेली आणि पाणी दुधाळलं.
वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत.
हा दगड, म्हणाले, आत्ता तू केलास.
भट्टीत चुनखडी भाजताना जो वायू निघून जातो
तोच तुझ्या श्वासात होता. तू तो परत केलास.
चुना त्याच्याच वाटेकडे डोळे लावून असतो,
हवेतून मिळेल तिथून थोडा थोडा घेतो.

मागच्या बाकावरून कुणीतरी : "आणखी फुंकलं तर?"
"फुंकत राहिलं तर पुन्हा निवळतं,"
मास्तर म्हणाले, आणि घंटा झाली.

नवरा चुना लावून गेला,
असं गाव तोमासाबद्दल म्हणतं.
लावून तर गेलाच होता.
उत्तरेला निघण्याआधी महिनाभर,
चारही भिंतींना, घायपाताच्या कुंचल्याने, दोन हात,
कोपरे सोडून. कोपरे निकांद्रोला कधी जमले नाहीत.

ओब्दुलिया दप्तर न काढताच भिंतीसमोर उभी राहिली
आणि हिशेब मांडू लागली.
भिंत ओली होती, दार थंडीमुळे बंद,
आत आई, मी, खुडूक कोंबडी, आणि तो.
तो घोरायचा.
म्हणजे त्याचाच वाटा जास्त.

तिने नख लावून पाहिलं.
थोडं पांढरं निघालं, बाकी घट्ट होतं.
मग आईला सगळं सांगितलं,
भट्टीपासून घोरण्यापर्यंत, एका दमात.

तोमासा पीठ मळत होती.
"घोरणं कामी आलं म्हणायचं," एवढंच बोलली.
पण सणासाठी भिंतीला द्यायला आणलेली चुन्याची नवी पिशवी
तिने रात्री मक्यासाठी फोडली,
हंड्यात चिमूट टाकून तोंड सुतळीने आवळलं,
एक गाठ, वर आणखी एक.
भिंतीकडे तिची पाठ होती.

पेला ओब्दुलियाने मास्तरांकडून मागून आणला आहे.
चुलीच्या उजेडात ती अजून फुंकते आहे.
दूध तसंच.
किती वेळ लागतो,
ते सांगायच्या आतच घंटा झाली होती.