दुतोंड्याच्या गुडघ्याला

बाहेरचा माणूस पक्षाचा शहराध्यक्ष होऊ शकतो का,
हे मला विचारू नका.
मी फक्त रजिस्टर सांभाळतो.
शालिमारच्या कार्यालयात, जिन्याखालच्या टेबलावर,
सव्वीस वर्षं.

तरी विचारतातच.
चहावाला पोऱ्या विचारतो, भद्रकालीतले भाजीवाले विचारतात,
बोरस्त्यांचा ड्रायव्हर काच खाली करून विचारतो,
'काय नाना, लाट किती?'
आमच्याकडे पाणी मोजायला एकच मोजपट्टी,
गंगेतला दुतोंड्या मारुती.
घोट्याला लागलं म्हणजे बातमी.
कमरेला म्हणजे सराफ बाजार दुकानं आवरायला घेतो.
गळ्याशी आलं की मग कोणी कोणाला काही विचारत नाही.

दगाजी खैरनारचं पाणी मला तरी दिसत नव्हतं.
माणूस सटाण्याकडचा. पक्षात येऊन चौदा महिने.
महापालिकेत एकतीस वर्षं व्हॉल्व्हमन,
खांद्यावर लोखंडी चावी, सायकलच्या दांडीला बॅटरी.
पहाटे साडेतीनला सिडको, चारला पाथर्डी फाटा,
कोणत्या गल्लीत कोण आधी उठतं हे त्याला तोंडपाठ,
आणि अध्यक्ष व्हायला तेवढं पुरतं
असं त्याला वाटत होतं.

समोर अभयराव बोरस्ते.
त्यांच्या आजोबांचा फोटो आमच्या भिंतीवर आहे,
भिंत त्यांच्याच काकांची आहे,
आणि भाडं कधी ठरलंच नाही.
त्यांची पोरं म्हणायची, 'नावातच दगा, पुढचं काय सांगायचं?'
दगाजी हसायचा. म्हणायचा,
'आधीची चार लेकरं गेली म्हणून आईनं ठेवलं.
वाईट नाव असलं की मरण फिरकत नाही.'
भाषण एवढंच.
टाळ्या कोणी वाजवायच्या ते ठरलेलं नव्हतं.

रजिस्टरमध्ये सहाशे बारा नावं.
त्यांतले एकोणचाळीस अमरधामला पोचलेले,
त्यांची वर्गणी मात्र दरसाल येते,
एकाच अक्षरात, एकाच पेनानं.
मेलेला माणूस कधी बंडखोरी करत नाही.
हे मला माहीत होतं. मी गप्प होतो.
निष्ठा निष्ठा म्हणतात ती अशीच असते, थोडी घशात.

मतदान गंगापूर रोडच्या लॉन्सवर.
आदल्या रात्री यादी टाईप करताना
सहज स्वतःचं नाव शोधलं.
नव्हतं.
सव्वीस वर्षं लोकांच्या पावत्या फाडल्या,
माझी फाडायची राहून गेली.
कोणाला बोललो नाही.
टेबलामागे बसून एकेका बोटाला शाई लावत राहिलो.
दगाजीच्या बोटाला घट्टे, चावीनं पडलेले,
शाई नीट बसेना.

निकाल साडेसातला.
बोरस्ते तीनशे चौदा, दगाजी एकशे अठ्ठ्याहत्तर.
गुलाल, फटाके, कोणाच्या तरी फेट्यावर ठिणगी.
मी हिशेब केला.
एकोणचाळीस वजा केले तरी हरलाच असता,
हेही सांगून टाकतो, उगाच त्याला हुतात्मा करायला नको.
पण एकशे अठ्ठ्याहत्तर!
ज्यांना न्यायला गाडी गेली नव्हती, पाकीट गेलं नव्हतं,
ते नांदूर नाक्याहून, अंबडहून
पदरच्या पैशांनी रिक्षा करून आले होते.
गुडघा, मी मनात म्हटलं. दुतोंड्याच्या गुडघ्याला लागलं.
आणि धरणातून तर अजून सोडलेलंच नाही.

सगळे पांगल्यावर सतरंज्या आवरायला घेतल्या.
मोठी सतरंजी एकट्यानं होत नाही.
पलीकडची टोकं कोणीतरी उचलली.
दगाजी. चपला बाजूला काढून.
समोरासमोर आलो, टोकाला टोक लावलं,
मागे सरलो, ताणली, झटकली,
गुलाल उडाला तो दोघांच्याही तोंडावर,
परत समोर आलो.
'पुढच्या सालची वर्गणी कुठं भरायची?' त्यानं विचारलं.
म्हटलं, उद्या या. अकरानंतर.
नवं पावतीपुस्तक काढायचंय.
पहिली पावती एकाची राहिली आहे,
दुसरी तुमची.