डीपीचा सूर

सातपूरला कंपनीत मी दिवसभर
दुसऱ्यांची मापं तपासतो.
शाफ्ट, बुश, बेअरिंगची बैठक;
शतांशाची चूक निघाली तरी लाल शिक्का.
शनिवारी फीलर गेज खिशातून घरी येतं
(सोमवारी परत जातं, चोरी नाही ही)
आणि बेसच्या तारेखाली शिरून सांगतं:
मान वाकलीय. केसभर.
डिसेंबर लागला की वाकतेच.
नाशिकची थंडी लाकडाला माझ्याआधी कळते.

तारा चार.
पाचवी हवी असं एक वर्षभर वाटत होतं,
मग पाच तारांचा आला, मग विकला
देवळालीच्या एका पोराला, तीन हप्त्यांत.
तिसरा हप्ता अजून यायचाय.

हर्षाली म्हणते, तुम्ही वाजवता कधी?
बघावं तेव्हा स्क्रू पिळत असता.
खोटं नाही.
कपाटात कॉम्प्रेसर दोन आहेत, तिला एक माहीत आहे.
दोन्ही एकाच रंगाचे घेतले, ते उगाच नाही.

जुन्या तारा मी उकळून घेतो,
पाण्यात थोडं व्हिनेगर, दहा मिनिटं.
एकदा दुधाच्या पातेल्यात उकळल्या.
तेव्हापासून माझं पातेलं वेगळं,
झाकणावर तिने नेलपॉलिशने लिहिलंय: तारा.
उकळलेल्या तारा चार दिवस नव्यासारख्या बोलतात,
मग पुन्हा आपल्या वळणावर जातात.

लग्नांत वाजवतो, औरंगाबाद नाक्यापलीकडच्या लॉन्सवर.
शरणपूरचा शमुवेल कीबोर्डला.
नवरीचा मामा विचारतो, गिटारी दोन कशाला?
मी म्हणतो, एक बिघडली तर.
मग फाटकात ढोल सुरू होतात
आणि माझा पंधरा इंची स्पीकर
शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा
दारातच उभा राहतो.

खालच्या मजल्यावर खैरनार राहतात.
अडतीस वर्षं छपाईच्या मशीनपाशी,
कान तिथेच राहिले.
एका रविवारी जिना चढून वर आले.
मी आवाज कमी करायला धावलो,
त्यांनी हातानेच सांगितलं, राहू दे.
मग मोठ्याने, ऐकू न येणारे बोलतात तसं:
"आमच्या लोखंडी पलंगाला कळतं सगळं.
मंगळवारी वाजवलं नाहीस."
बसले. पाणी प्यायले. उठता उठता म्हणाले,
"ते तिसरं असतं ना, डुम, डुडुम, डुम,
त्यात तू घाई करतोस. चौथ्याला.
दर वेळी.
मशीनला घाई झाली की कागद फाटतो."

अकरा वर्षं.
तीन बेस, दोन अँप, पेडलं मी मोजत नाही,
आणि हे कुणीच सांगितलं नव्हतं.
शमुवेलला फोन केला.
तो म्हणाला, माहीत होतं रे,
तू मनाला लावून घेतोस म्हणून.

त्या रात्री काहीच जोडलं नाही.
ना केबल, ना पेडल, दोन्हीपैकी एकही कॉम्प्रेसर नाही.
बेसचं बूड फरशीला टेकवून बसलो.
खिडकीबाहेर महावितरणचा डीपी
रात्रभर एकच सूर धरून असतो,
माझी मोकळी जी तार, पण किंचित चढी.
इतकी वर्षं ट्यूनरकडे बघून
मी म्हणत आलो, डीपी चुकतोय.
खुंटी जराशी पिळली. अजून जराशी.
दोन सुरांमधली ती थरथर
हळूहळू लांबत गेली, आणि विरली.

मग बाकीच्या तिन्ही तारा तिच्या मागोमाग.
मग तिसरं गाणं. एक. दोन. तीन.
चौथ्याच्या आधी जेवढं थांबायचं असतं
तेवढा थांबलो, वाटलं त्याहून बरंच लांब होतं ते.

खालून पलंगाच्या दांड्यावर
दोनदा ठोकल्याचा आवाज आला.
शाबास, की झोप आता?
ते मोजायचं काही माझ्याकडे नाही.
मिळतं का कुठे,
उद्या बघून ठेवतो.