दोनशे चाळीस नंबर

कुणीतरी माझ्या नावाने अँटवर्पला पत्र पाठवलं.
पत्त्यात एक ठिपका जास्त, बाकी सगळं माझं,
"विथ वॉर्म रिगार्ड्स"सुद्धा.
फक्त बँकेचं खातं भलत्याचं.
अकरा लाख गेले. कुठे गेले
ते सावंतवाडीच्या पोलिसांना अजून कळायचंय.

विश्रामशेठ म्हणाले, "शेवंते, कायतरी कर गो.
ती कंप्युटराची सही आसता मां, ती घाल."

म्हणून वेंगुर्ल्यात, कॅम्पातल्या कारखान्यात,
पत्र्याच्या ऑफिसात एप्रिलच्या दुपारी बसले.
बाहेर टरफलांचा धूर. कानाला कुडाळचा अल्ताफ:
"ताई, मेलची सेटिंग उघडा. खाली या.
अजून खाली."

आधी ओळख पटवा, म्हणालं प्रमाणपत्र.
अंगठा ठेवला. नाही. पुसून ठेवला. नाही.
एकोणीस वर्षं बिया फोडल्या मी, मग ही खुर्ची.
बियांच्या तेलाने रेषा कधीच खाल्ल्या.
शेवटी कॅमेऱ्यासमोर पॅनकार्ड धरलं
आणि शाळेतल्या हजेरीसारखं म्हटलं:
शेवंती महादेव मोचेमाडकर.

तीन दिवसांनी फाईल आली. लागेना.
आडनावातला एक 'ए' पत्त्यात होता, प्रमाणपत्रात नव्हता.
एका 'ए'साठी आणखी तीन दिवस.

"ह्यात दोन चाव्या आहेत ताई," अल्ताफ म्हणाला,
"एक खुशाल गावभर वाटा.
दुसरी नवऱ्यालाही द्यायची नाही."
नवरा मस्कतला. दोन वर्षं त्याला
घराचीसुद्धा लागलेली नाही.
पेनड्राइव्हात एक प्रत काढली,
पेनड्राइव्ह काजूच्या रिकाम्या डब्यात,
डबा कपाटात, कपाटाची किल्ली कमरेला.

पहिलं पत्र अल्ताफलाच: "पोचलं का?"
त्याच्याकडे नावाशेजारी बारीकसं सील उमटलं.
मग त्याने माझ्या पत्रातलं एक अक्षर मुद्दाम बदललं,
आणि सील फुटल्याचा फोटो पाठवला.
"वाचू कुणीही शकतो. हे झाकण नव्हे.
हात लागला तर कळतं, एवढंच."

एवढंच.

शनिवारी माल निघायचा होता.
शेठ दारातूनच म्हणाले,
"लिव. दोनशे चाळीस नंबर, सातशे डबे."
सकाळी मी निवडणीत जाऊन आले होते.
रोझी आणि पार्वतीच्या सुपात
चारातला एक दाणा तीनशे विसाचा.
दरवर्षी असतो. दरवर्षी मी लिहिते दोनशे चाळीस,
तक्रार आली की लिहिते, टायपिंगची चूक.

लिहिलं. बोट बटणावर नेलं.
खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं: स्वाक्षरीसह.
ज्या यंत्राला माझा अंगठा पटत नाही
त्याला आता मी पटले होते.
मी नव्हे, असं म्हणायला
जागाच ठेवली नव्हती अल्ताफने.

"शेठ, ह्याला तुमची सही लावूया?"
"माझी खंय आसा?"
"करून घेऊ. तीन दिवस लागतात. नावात 'ए' चुकला तर सहा."

शेठ पंख्याकडे बघत राहिले.
पंखा वीज गेल्यामुळे बंद होता.
मग म्हणाले, "तीनशे वीस पण घाल.
सगळो नको गो. चवथो वाटो."

पाचशे पंचवीस आणि एकशे पंचाहत्तर, असं लिहिलं.
वीज आली. पत्र गेलं.
सही आपोआप लागली, कुरकुरली नाही.
ती आधीच्या पत्रालाही अशीच लागली असती,
खोट्याला, तितकीच नीट.

सोमवारी उत्तर आलं. भाव पाडलेला.
शेठ दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

प्रमाणपत्राची मुदत पुढच्या एप्रिलपर्यंत.
मंगळवारी रेशनच्या दुकानात
पहिल्यांदा ठेवला अंगठा, लाल दिवा.
दुसऱ्यांदा, लाल.
मागे रांगेतून कुणीतरी म्हणालं,
"फुंकर मार गो, फुंकर मार."