अठ्ठावीस शतांश

गुरुवार. भोसरीला सुट्टी.
शेजारचा पॉवर प्रेस गप्प,
म्हणून आज आम्ही हळू बोलतो;
एरवी ओरडायची सवय.

इग्निशनची किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात,
प्लग काढून चहाच्या ट्रेमध्ये मांडलेले.
तरी शिकलगार पात्याच्या वाटेत उभा राहत नाही.
"लाकडाचं असलं म्हणून काय, पातं ते पातंच."
त्याच्या आज्याने विळ्या-कात्र्यांना धार लावली,
हा फायबरचं काम करतो:
बसथांब्यांची छपरं, बागेतल्या घसरगुंड्या,
एका मंडळाचा सात फुटी उंदीर.
आणि हे काउलिंग.

सहा बोल्ट. समोरासमोरचे, थोडे थोडे.
पाना 'टक्' म्हणाला की हात काढायचा.
चाळीस वर्षं टूलरूममध्ये गेली,
थांबणं अजून शिकतोय.

टोकापाशी स्टूल, स्टुलावर ठोकळा.
पहिलं पातं ठोकळ्याला चाटून गेलं.
अर्धा फेरा. दुसरं
तीन मिलिमीटर लांबून गेलं,
बोलणं बंद असलेल्या भावासारखं.

पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला:
बुडाशी अठ्ठावीस शतांश हवेत.
मायक्रोमीटर घेऊन शेडभर हिंडलो.
कॅलेंडर पातळ. चहाचा खोका जाड.
शेवटी ड्रॉवरात एक लग्नपत्रिका निघाली,
फुरसुंगीच्या हरपळ्यांकडची.
नेमकी अठ्ठावीस.
वरचा गणपती सोडून
'आपले नम्र'मधून चंद्रकोर कापली.

पुन्हा सहा बोल्ट. पुन्हा ठोकळा.
चाटून.
चाटून.

मग तार पिळली, अशा बाजूने
की बोल्ट सैल व्हायला निघालाच
तर तारेनेच त्याला माघारी ओढावं.

काउलिंगने सगळी दुपार खाल्ली.
खालचा अर्धा बसला, वरचा रुसला.
डावीकडे फट बोटभर, उजवीकडे नखभर.
लाव, काढ, घास. लाव, काढ.
कोपरापर्यंत काचेची खाज,
खोबरेलालाही दाद देत नाही.
दिवेलागणीला बिजागरीची लांब तार
शेवटच्या कडीपर्यंत सरकली
आणि इंजिन दिसेनासं झालं.

दोन वर्षं त्याला उघडंच पाहिलेलं.
शाळेच्या पहिल्या दिवशी गणवेशातलं पोर
क्षणभर ओळखू येत नाही, तसं झालं.

पंख अजून धायरीत,
मेव्हण्याच्या गच्चीवर, ताडपत्रीखाली.
परवानगीची फाइल कुठे आहे
ते फाइललाच ठाऊक.

शिकलगार मागे सरला, एक डोळा मिटला,
आज्या धार बघायचा तसा.
"वरची कड अजून अर्धा एमएम," म्हणाला,
"पुढच्या गुरुवारी."