मध्यंतराची गिनती

एकतीस वर्षं मी ग्वाल्हेरात करमणूक कर वसूल केला.
नवी मुलं हसतात: करमणुकीवर कर?
होता. घरी रडणं फुकट होतं,
तरी लोक तिकीट काढून रडायला यायचे.

मी एकही सिनेमा सुरुवातीपासून पाहिला नाही.
मध्यंतराच्या दहा मिनिटं आधी
रत्नदीप टॉकीजच्या मागच्या दारानं शिरायचं,
मुनव्वर दारवान बॅटरी जमिनीशी धरायचा,
आणि दिवे लागले की डोकी मोजायची.
डोळे पुसणारी, गजक फोडणारी,
हजिऱ्याच्या मिलमधून पाळी संपवून थेट आलेली,
केसांत कापसाचा भुरा तसाच.
मग तिकिटांचे फाडलेले तुकडे मोजायचे.
दोन आकडे कधीच जुळले नाहीत.

मालक लीलाराम वासवानी माणसं लपवायचा.
बाल्कनीत चाळीस, जनान्यात पंचवीस,
एकदा तर पडद्याच्या मागे सात जण,
उलटा सिनेमा बघत. त्यांच्यापुरता नायक डावखुरा.
"पोतनीस साब, ये तो घर के लोग हैं."
एवढं मोठं घर सबंध लष्करात दुसरं नव्हतं.

निवडणुका आल्या की माझी नेमणूक मैदानावर.
तिथलं गणित वेगळं.
समोर दोन हजार, मंचावरून घोषणा: एक लाख.
संध्याकाळी वरून फोन, अंदाज किती?
दोन हजार एकशे, मी सांगायचो.
पलीकडे शांतता. मग, "नीट मोजा."
अंधारात माणूस लपवतात, उन्हात फुगवतात,
आणि मधल्यामध्ये मी, कानावर पेन्सिल.

कधी भोपाळहून हुकूम यायचा: अमुक चित्रपट करमुक्त.
देशाचा आहे, सर्वांनी पाहावा.
शाळाच्या शाळा रांगेनं यायच्या,
मागची पोरं गाढ झोपायची.
मी तरी मोजायचो. शून्यासाठीही तक्ता भरावा लागतो.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा डिसेंबर.
दिवे लागले. 'ट' रांग, कडेची खुर्ची,
आणि तिथे काका. माझे वडील.
भूमितीचे मास्तर, घरात रेडिओवर
सिनेमाचं गाणं लागलं की कान पिळणारे, रेडिओचाही.
मफलर तोंडाशी. डोळे लाल.
सिनेमा अगदीच सुमार होता.
हातात तिकीट नव्हतं.
लीलारामनं सोडलं असणार, घरचे म्हणून.

एका पत्रकाखाली सही केली
म्हणून एकोणीस महिने ते आत होते.
भेटीला गेलो की एकच तक्रार,
जेवणाची नाही, डासांची नाही:
"दिवसातून तीनदा मोजतात रे.
जोडीजोडीनं, उकिडवं बसवून."

त्यांनी मला पाहिलं. मग पेन्सिल पाहिली.
बसल्या जागी त्यांची पाठ ताठ झाली.

मी 'ट' रांगेत अकरा लिहिले. बारा होते.

त्या रात्री घरी गाजर-वाटाण्याची भाजी होती.
मीठ कमी आहे, ते म्हणाले.
मी मीठ दिलं.

आता कर दिल्लीच्या यंत्रात परस्पर जमा होतो.
रत्नदीपमध्ये लग्नं लागतात, अधूनमधून पक्षाची बैठक,
खुर्च्यांना पांढरे झगे.
लीलारामचा नातू तिकडे हजार ताटं सांगतो, सातशे वाढतो.

परवा नातीबरोबर मॉलमध्ये गेलो.
पडद्यावर कुणीतरी देशासाठी फार ओरडत होतं.
मध्यंतर झालं, दिवे लागले,
सगळ्यांनी माना खाली घालून फोन उघडले.
मोजायला इतकी सोपी माणसं
मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

"आजोबा, बोटं का हलतायत?"

हलतच होती, मांडीवर, रांगेरांगेनं.
एका कडेच्या खुर्चीपाशी अडली.
म्हातारा होता कुणी, एकटा, नाक पुसत.
मी पुढची रांग धरली.