दिग्रसआर्णी

दारव्ह्याच्या बसस्टँडमागे, बियाण्यांच्या दुकानावर
टायपिंग क्लासचा हॉल.
महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथं आमची बैठक भरते.
पहिल्यांदा बोलले तेव्हा खुर्च्या मोजल्या होत्या: अकरा.
त्यातल्या दोन रिकाम्या, एकीवर हेल्मेट.

प्रोजेक्टर गुरांच्या दवाखान्यातून मागून आणलेला.
लावला की आधी लाळ्या-खुरकुताची चार चित्रं येत,
मग मी.

पुण्याच्या कंपनीत कॅमेरा बंद ठेवून जे बोलते
तेच इथं उभं राहून बोलायला लागले,
'आज आपण जाणून घेणार आहोत' वगैरे.
मोटार रिवायंडिंगवाल्या गुणवंतानं हात वर केला:
'ताई, थोडं आपल्यातलं बोला नं.
टीव्ही त घरी हायेच.'

आपल्यातलं.
तीन वर्षं घरून काम करता करता
भाजीवाल्याशीसुद्धा मी ईमेलसारखी बोलायला लागले होते.
घोटभर पाणी प्यायले. म्हटलं, 'बरं भाऊ, आयका.'

एसटीचं वेळापत्रक सांगणारा वीस ओळींचा प्रोग्राम.
सकाळी निघता निघता त्यात दोन गावं वाढवली होती
आणि पुन्हा चालवून पाहिला नव्हता.
(हे तिथं सांगितलं नाही, इथं सांगते.)

भिंतीवर उमटलं:
दिग्रसआर्णी. सुटण्याची वेळ सव्वादहा.

लाल अक्षर नाही, इशारा नाही.
मशीनला त्या गावात काहीच वावगं वाटेना.
'कोणत्या तालुक्यात येते हे?'
'नवीन झालं असन बाप्पा.'
हेल्मेटवाला परत आला तोच हसत.

माझे कान तापले. ओळी वर नेल्या, खाली आणल्या.
बी.एस्सी. पहिल्या वर्षाची अश्लेषा तोडसाम
वहीत सगळं उतरवून घेत होती, माझी चूकही.

तेव्हा नीळकंठ मोहोड उठले.
त्यांचं डीटीपीचं दुकान. लग्नाच्या पत्रिका, तेरवीची कार्डं.
ते काही ऐकायला आलेले नव्हते,
हॉलची चावी त्यांच्याकडं असते, म्हणून बसलेले.
भिंतीजवळ गेले. बोटाची सावली अक्षरांवर पडली.
'मले कोडिंग नाई समजत.
पण ह्या दोन गावाच्या मधात स्वल्पविराम नाई.'

मी तो घातला.
दिग्रस वेगळं झालं, आर्णी वेगळी झाली,
दोन गाड्या आपापल्या वेळेला सुटल्या.

'पत्रिकेत अशीच नजर ठेवा लागते,' चावी फिरवत ते म्हणाले.
'चिंचोलीवरचं टिंब सुटलं
का वऱ्हाड चिचोलीत जाऊन बसते
अन् नवरी इकडं वाट पाहाते.'

पुढं दिग्रसला बोलले, पुसदला बोलले.
अमरावतीच्या एका कॉलेजात माईक फार चांगला होता
आणि कोणी काहीच विचारलं नाही.
पुसदला तर तो स्वल्पविराम मी मुद्दाम गाळला,
हशा येईल म्हणून.
आला नाही. ठरवून केलेल्या चुकीला
कोण कशाला हसेल?

गेल्या महिन्यात पुन्हा दारव्हा. आता खुर्च्या कमी पडतात.
गुणवंत दारातच उभा, खांद्यावर तांब्याच्या तारेचं वेटोळं.
अश्लेषा पंधरा मिनिटं बोलली, माझ्याकडं एकदाही न बघता.
शेवटी मला प्रशस्तिपत्र दिलं,
जाड कागद, काठाला वेलबुट्टी, मोहोडांनी स्वतः जुळवलेलं:
श्रीमती वैजयती ढेंगे.

माझ्याआधी त्यांनाच दिसलं.
त्यांचा चेहरा असा उतरला
की मीच सॉरी म्हणणार होते.
टाळ्या सुरूच होत्या. त्यांनी खिशातून जेलपेन काढला,
कागद माझ्या हातावरच सरळ केला,
श्वास धरला
आणि 'य'च्या डोक्यावर टिंब ठेवलं,
छापील काळ्याहून जरा निळं, जरा जाड.

'वाळू द्या,' म्हणाले. 'हात नका लावू.'

दोन्ही तळहातांवर आडवा धरून
बसस्टँडपर्यंत मी तो कागद तसाच नेला.